डॉक्टर म्हणाल्या 'बीज जुनं झालंय', म्हणजे आत नेमकं काय जुनं होतं?

उदगीरची_मास्तरीण:

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहायलेय, चुकलं तर सांभाळून घ्या. वय ३८, जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पहिला मुलगा नऊ वर्षांचा. दुसऱ्याचा विचार आधी बदली, मग कोरोना, मग घराचं कर्ज असं करत करत लांबत गेला. दिवाळीनंतर दिवस राहिले आणि दहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोकेच मिळाले नाहीत. पिशवी साफ केली तेव्हा डॉक्टरबाईंनी नमुना तपासायला पाठवला होता, परवा रिपोर्ट आला, त्यात लिहिलंय ट्रायसोमी १६, म्हणजे १६ नंबरचं गुणसूत्र दोनाच्या जागी तीन. त्या म्हणाल्या तुझी काही चूक नाही, वयानं बीज जुनं होतं, गुणसूत्रं नीट वाटली जात नाहीत. एवढं सांगून पुढच्या पेशंटला आवाज दिला. बाहेर बसायला जागा नव्हती एवढ्या बाया, त्यांना तरी काय म्हणावं.

घरात वेगळंच चालूय. सासूबाई म्हणायल्यात लातूरला ट्रेनिंगला यष्टीनं हेलपाटे मारले म्हणून झालं, जाऊबाई म्हणतात कुठंतरी पपई खाल्ली असशील. हे खरं नाही एवढं मला कळतं, पण मग खरं काय ते पण धड सांगता येत नाही ना, म्हणून गप बसावं लागतं. सातवीला विज्ञान शिकवते, गुणसूत्र म्हणजे काय ते माहीतय. माझा प्रश्न असा की बीज तर दर महिन्याला नवीन तयार होतं, मग ते जुनं कसं काय? जुनं होतं म्हणजे आत काय झिजतं, काय सुटतं? आणि आमचे हे ४३ चे आहेत, त्यांचं काही जुनं होत नाही का? पपई-छाप उत्तरं नकोत प्लीज.

पेशीवाले_सर:

बाई, वाचून वाईट वाटलं, काळजी घ्या. मी नांदेडकडं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, हा विषय आवडीचा आहे म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिली दुरुस्ती तुमच्या प्रश्नातच करावी लागेल. बीज दर महिन्याला नवीन तयार होत नाही, जुन्या साठ्यातलं एक पिकून बाहेर पडतं. आणि तो साठा बाई स्वतः आईच्या पोटात असतानाच भरलेला असतो. पाचव्या महिन्याच्या सुमाराला मुलीच्या गर्भात ६० ते ७० लाख बीजपेशी असतात, जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात, पाळी सुरू होईपर्यंत ३-४ लाख, आणि उभ्या आयुष्यात बाहेर पडतात त्या फार तर ४००-५००. बाकीच्या तिथल्या तिथं जिरून जातात.

आता खरी गोष्ट इथून पुढं. या पेशी नुसत्या तयार होऊन बसत नाहीत, त्यांनी विभाजन सुरू केलेलं असतं. डीएनएची नक्कल काढून झालेली असते, आईकडचं गुणसूत्र आणि बापाकडचं गुणसूत्र शेजारी शेजारी येऊन आपसात तुकड्यांची अदलाबदल करून एकमेकांत अडकलेली असतात, आणि नेमकं त्याच ठिकाणी सगळं थांबतं. कॅसेट पॉज करावी तसं. तुम्ही १९८७ च्या धरल्या तर तुमची बीजं १९८७ पासून पॉजवर आहेत. किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, तेव्हा तुम्ही पहिलीत असाल, तेव्हाही तशीच. दहावीला तशीच, डीएडला तशीच. ज्या महिन्यात ज्या बीजाचा नंबर लागतो त्या महिन्यात त्याचं पॉज निघतं आणि ३६ तासांच्या आसपास ते बाहेर पडतं.

एवढी वर्षं गुणसूत्रं एकत्र धरून ठेवतं कोण तर कोहेसिन. ही प्रथिनांची कडी आहे, नक्कल होऊन जे दोन जुळे धागे तयार होतात त्यांच्याभोवती बसते. बीजपेशीतल्या कडीत रेक८ नावाचा एक खास भाग असतो. आणि मुद्दा हा की कडी बसते ती नक्कल होताना, म्हणजे तुम्ही आईच्या पोटात असताना. पुढं कडी झिजली तर तिच्या जागी दुसरी बसत नाही.

हे कुणी हवेत बोललेलं नाही. २०१० मध्ये किकुए ताचिबाना, किम नॅस्मिथ यांच्या टीमनं उंदरांत फार हुशार प्रयोग केला. उंदरीणीच्या बीजात असा रेक८ ठेवला की एक ठरावीक एन्झाइम सोडलं की तो तुटेल. मग जन्मानंतर, बीज वाढत असताना, त्याच पेशीला न तुटणारा नवा रेक८ बनवायला लावला आणि एन्झाइम सोडलं. नवीन कड्या बसत असत्या तर गुणसूत्रं धरून राहायला पाहिजे होती. राहिली नाहीत, सुटली. २०१६ मध्ये ताचिबाना यांच्याच लॅबनं हे बीज कित्येक महिने थांबलेलं असतानाही तसंच असतं हे दाखवलं. म्हणजे प्रथिन नवं असलं तरी कडी जुनीच कामाला.

कडबा_बनीम:

सर मी शेतकरी माणूस, भूम तालुक्यातला, बीएस्सी अर्धवट सोडलेला. मला हे वाचून एकदम बनीमच डोळ्यापुढं आली. ज्वारी काढली की कडब्याच्या पेंढ्या बांधतो, आळा घालतो, म्हणजे पेंढीभोवतीचं बंधन, आणि बनीम रचतो, म्हणजे पेंढ्यांची गंजी. एकदा रचली की मधल्या पेंढीला परत कोण आळा घालत बसतंय. पहिल्या वर्षी काढा, पेंढी कशी टणक हातात येते. गेल्या साली आमची तीन वर्षांची जुनी बनीम मोडली, खालच्या थराची पेंढी उचलली की आळा हातात भुस्कट होऊन यायचा आणि ताटं पायावर सांडायची. ताटं चांगली होती बरं का, म्हशींनी खाल्ली, सडला होता फक्त आळा. तर तसंच का हे? गुणसूत्र चांगलं, आळा सडला?

पेशीवाले_सर:

भूमकर, तुमची पेंढी मी आता वर्गात वापरणार, सांगून ठेवतो. अगदी तसंच. आणि बाईंच्या रिपोर्टचं उत्तर पण यातच आहे, फक्त एक गोष्ट जोडायला पाहिजे की इथं पेंढी एका झटक्यात सोडायची नसते, दोन वेळा सोडायची असते.

गुणसूत्राच्या लांब बाह्यांवर आळे असतात आणि मधल्या गाठीपाशी, म्हणजे सेंट्रोमिअरला, वेगळे आळे असतात. बीज बाहेर पडायच्या आधी पहिली वाटणी होते, तेव्हा फक्त बाह्यांवरचे आळे कापले जातात, आईकडचं एकीकडं आणि बापाकडचं दुसरीकडं जातं, निम्मा वाटा बीजात राहतो, निम्मा एका बारक्या पेशीत टाकून दिला जातो. मधले आळे तसेच राहिले पाहिजेत, कारण जुळे धागे सुटायचे ते दुसऱ्या वाटणीत, आणि ती पूर्ण होते शुक्राणू आत शिरल्यावर. कापणारा विळा एकच, सेपरेज नावाचं एन्झाइम. मग विळ्याला कसं कळावं की मधल्याला हात लावायचा नाही?

तिथं राखणदार बसवलेला असतो. नाव शुगोशिन. हा जपानी शब्द आहे, अर्थ राखण करणारा देव, २००४ मध्ये योशिनोरी वातानाबे यांच्या गटानं ठेवलेलं नाव. आपल्याकडं कुणी शोधलं असतं तर म्हसोबा ठेवलं असतं, बांधावर बसून राखणच करतो की. त्याची रीत अशी : विळा फक्त खूण केलेला आळाच कापतो, खूण म्हणजे रेक८ वर चिकटलेले फॉस्फेट. शुगोशिन आपल्याबरोबर एक फॉस्फेट पुसणारा गडी घेऊन सेंट्रोमिअरला बसतो आणि खुणा पुसत राहतो. खूण नाही म्हणून विळा चालत नाही.

वयानं दोन्ही घटतं, आळे पण आणि राखणदार पण. २०१० मध्येच दोन वेगळ्या गटांनी, एक इंग्लंडात न्यूकॅसलचा मेरी हर्बर्ट यांचा आणि एक अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाचा, म्हाताऱ्या उंदरीणींच्या बीजात हे मोजून दाखवलं. गुणसूत्रांवरचं कोहेसिन कमी झालेलं, जुळे धागे मधल्या गाठीपाशी एकमेकांपासून लांब सरकलेले. मग काय होतं, काही जोड्या वाटणीच्या आधीच सुट्या पडतात, काही जुळे धागे वेळेआधी सुटतात, आणि सुटं झालेलं कुठं जाईल त्याचा नेम नाही. बाई, तुमच्या त्या बीजात १६ नंबरचं एक जास्तीचं राहिलं, त्यात शुक्राणूनं नियमाप्रमाणं त्याचं एक आणलं, झाले तीन. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात त्यातले जवळपास निम्मे गुणसूत्रांच्या गडबडीनं पडतात आणि त्यात ट्रायसोमी १६ सगळ्यात जास्त सापडते. ती पूर्ण असली की गर्भ दिवस भरेपर्यंत टिकत नाही. ही वाटणी यष्टीत बसायच्या कितीतरी आधी, दिवस राहिले त्या आठवड्यातच होऊन गेलेली होती.

लॅबमधली_ताई:

सर मस्त लिहिलंय. मी संभाजीनगरात आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, रोज ही बीजं बघते म्हणून दोन गोष्टी जोडते.

बीज म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं, नुसत्या डोळ्याला जेमतेम ठिपका दिसेल एवढं, पण शरीरातल्या पेशींत ते आडदांडच म्हणायचं. मायक्रोस्कोपखाली भोवती काचेसारखी जाड कड दिसते आणि पिकलेलं असेल तर कडेला तो सरांनी सांगितलेला टाकून दिलेला वाटा, बारका गोळा. एवढंच. गुणसूत्रं दिसत नाहीत. २६ वर्षांच्या बाईचं बीज आणि ४२ वर्षांच्या बाईचं बीज शेजारी ठेवलं तर मला सांगता येणार नाही कुठलं कुणाचं, दोन्ही तितकीच सुरेख दिसतात. पेशंट विचारतात मॅडम बीज कसं होतं, मी म्हणते छान होतं, आणि मनात म्हणते दिसायला.

दुसरं, सगळा भार आळ्यावर टाकू नका. गुणसूत्रं ओढून नेणारी जी दोऱ्यांची चाती असते, स्पिंडल, ती शरीरातल्या इतर पेशींत दोन टोकांच्या दोन खुंट्यांवरून, सेंट्रोसोमवरून उभी राहते. बीजात त्या खुंट्याच नसतात. माणसाच्या बीजात ती चाती उभी राहायला १६ तासांच्या आसपास लागतात आणि तेवढ्या वेळात ती कितीदा तरी डगमगते, हे मेलिना शूह यांच्या टीमनं २०१५ मध्ये माणसांच्या बीजांचं चित्रण करून दाखवलं. आणि वाटणीआधी हजेरी घेणारी जी यंत्रणा असते, ती बीजात जरा ढिली. इतर पेशीत एक गुणसूत्र जरी नीट अडकलेलं नसलं तरी विभाजन थांबतं, बीजात एखादं तसंच राहिलं तरी गाडी सुटते. म्हणजे डगमगती चाती, ढिली हजेरी, आणि वर सडलेला आळा. तरुणपणी आळा घट्ट म्हणून पहिल्या दोन्ही गोष्टी निभावून जातात.

मिस्टरांचं विचारलंत. पुरुषात शुक्राणू वयात आल्यापासून सतत नवीन बनतात, एक खेप तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास. त्यांचा आळा कायम ताजा. पण नक्कल पुन्हा पुन्हा काढली जाते त्यामुळं डीएनएतल्या बारक्या चुका बापाच्या वयाबरोबर वाढतात, ते वेगळं प्रकरण. त्यामुळं ४३ च्या नवऱ्यानं लई ताठ बसू नये.

परभणीचा_शंकेखोर:

सगळं बरोबर, पण मग सोळा-सतराव्या वर्षी आळा सगळ्यात ताजा, तेव्हा लग्नं लावणारे आमच्या भागातले लोक शहाणे म्हणायचे का? आणि फळमाशीत बीज थांबलेलं असतानाही नवीन कोहेसिन बसवलं जातं असं वाचलंय, मग माणसात बसतच नाही हे कशावरून? आणि तिसरं, ती को-क्यू-टेन नावाची गोळी सगळे खायलेत, तिचं काय?

लॅबमधली_ताई:

पहिल्याचं उत्तर मी देते कारण ते मला जिव्हारी लागतं. नाही, शहाणे नाहीत. २०१९ मध्ये लहान मुलींपासून चाळिशीपर्यंतच्या बीजांची तपासणी झाली, त्यात चुकांचा आलेख यू अक्षरासारखा निघाला. विशीत, पंचविशीच्या आसपास सगळ्यात कमी, आणि दोन्ही बाजूंना जास्त. पोरवयातली चूक वेगळ्या जातीची, तिथं आळा सडलेला नसतो, अख्खी जोडीच एकीकडं जाते. आणि गुणसूत्रं बाजूला ठेवा, सोळाव्या वर्षी उसाच्या फडात बाळंत होणाऱ्या पोरीला रक्त किती असतं ते बीडकडच्या कुठल्याही नर्सला विचारा.

पेशीवाले_सर:

फळमाशीचं तुम्ही म्हणता ते खरंय, शेरॉन बिकल यांच्या लॅबचं काम आहे. पण माशीचं बीज काही दिवसांचा खेळ, तिथली डागडुजी ३८ वर्षांच्या मुक्कामाला लावता येत नाही, आणि उंदरात मुद्दाम शोधूनही ती सापडली नाही. गोळीचं : म्हाताऱ्या उंदरीणींत तिनं बीजाची ऊर्जा सुधारली. सुटलेली कडी ती परत बसवत नाही. आणि फोलिक ॲसिड घ्यायचंच असतं, पण ते बाळाच्या मणक्यासाठी, याच्यासाठी नाही.

तुळजाई७२:

मी वाचकच असते एरवी. बाई, माझा जन्म ७३ चा. आई ७२ च्या दुष्काळात माझ्या वेळी गरोदर असताना रोजगार हमीवर खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची आणि ती लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची असं आई सांगायची. म्हणजे तुमच्या सरांच्या हिशोबानं माझे आळे त्या खडीवर घातलेले. माझी धाकटी लेक मला ४१ व्या वर्षी झाली, २०१४ ला, ठणठणीत आहे, डोकं खाती दिवसभर. आणि माझ्या सख्ख्या बहिणीला २७ व्या वर्षी मुलगा झाला तो डाऊन सिंड्रोमचा. आता अठराचा आहे, देवळाच्या पायऱ्यांवर भेटेल त्याला रामराम घालतो, सगळं गाव ओळखतं. तर वयावर एवढंच असतं का सगळं? बहिणीनं लई ऐकून घेतलंय लोकांचं.

पेशीवाले_सर:

ताई, नाही, वय म्हणजे फक्त फासा जरा जड होणं. डाऊन सिंड्रोमचं, म्हणजे २१ नंबर तीन असण्याचं प्रमाण साधारण असं : आई २५ ची असेल तर साडेबाराशे बाळंतपणांत एक, ३५ ला साडेतीनशे-चारशेत एक, ४० ला शंभरात एक, ४५ ला तिसात एक. म्हणजे ४० ला पण शंभरातल्या नव्व्याण्णव जणींना तुमच्यासारखी डोकं खाणारीच लेकरं होतात. आणि तरुण बायांची बाळंतपणंच जास्त, म्हणून संख्या मोजली तर डाऊनची बरीच लेकरं तरुण आयांच्याच पोटी येतात. तुमच्या बहिणीच्या बाबतीत आळे ताजेच असणार, पण कधी कधी २१ नंबरच्या जोडीत आईच्या पोटात असताना तुकड्यांची अदलाबदलच होत नाही किंवा भलत्या जागी होते, मग बांधायलाच काही नसतं. शिवाय दहातला एखादा बापाकडून येतो, हे कुणी सांगत नाही. तीन-चार टक्के जणांत एक गुणसूत्र दुसऱ्याला चिकटलेलं असतं, ते मात्र आईबापाकडून आलेलं असू शकतं, म्हणून त्या लेकराचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, केला नसेल तर करून घ्या, घरातल्या पुढच्या मुलींच्या उपयोगी पडेल.

लॅबमधली_ताई:

उदगीरच्या बाई, तुमच्या पुढचं थोडक्यात, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी डोक्यात असेलच. साधी ट्रायसोमी १६ एकदा झाली म्हणजे परत तीच होईल असं नसतं, पुढच्या वेळची जोखीम जवळपास तुमच्या वयाचीच. दिवस राहिले तर ११ ते १३ आठवड्यांत एनटी स्कॅन ही सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी, किंवा दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तावरून होणारी एनआयपीटी. ही चाळणी आहे, निकाल नाही. त्यात जोखीम जास्त आली तर पक्कं सांगते ती गर्भजलाची तपासणी. एएमएच नावाची रक्ततपासणी करा म्हणून कुणी पाठवलं तर एवढं लक्षात ठेवा, त्यानं बनीमीत पेंढ्या किती उरल्या त्याचा अंदाज येतो, आळे कसे आहेत ते नाही कळत. काय करायचं ते तुमच्या डॉक्टरबाईंशी बोला, या वेळी प्रश्न कागदावर लिहून न्या, गर्दीत पण उत्तरं मिळतात.

उदगीरची_मास्तरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री दोनदा वाचलं. सकाळी चहाच्या वेळी धीर करून सासूबाईंना सांगितलं. कोहेसिन वगैरे नाही, भूमच्या दादांचं कडब्याचंच सांगितलं, की मी माझ्या आईच्या पोटात होते तेव्हाच आळा घातलेला होता, तो ३८ वर्षांत विरला, यष्टीचा काही संबंध नाही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, आयुष्यभर पेंढ्या बांधल्यात त्यांनी. मग बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मंग तुझ्या आईनंच आळा ढिला घातला म्हन की."

आईला फोन करून सांगितलं. ती हसायलीच. म्हणाली, तेव्हा मी खुरपायला जात होते, मला काय म्हाईत तू आत काय बांधायलीस.